रविवारी वाटलेल्या वाकळा

काळेवाडीतल्या आमच्या घराच्या दाराला कुलूप आतून असतं. बाहेरच्या माणसाला ते कळत नाही. तो बेल वाजवतो, आणि आत मी हातातलं काम टाकून ब्लाउजमधली किल्ली काढते, कुलूप उघडते, कडी सरकवते, मग दार. तोवर कुरिअरवाला एक मजला उतरलेला असतो आणि मी जिन्यात त्याच्या नावानं ओरडत असते. शेजारपाजारचे आता सरावलेत. नव्या माणसाला मात्र वाटतं, हिच्या घरात एवढं आहे तरी काय!

घरात माझ्या सासूबाई आहेत. लग्न झाल्यापासून मी त्यांना आत्या म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्या कोथिंबीर आणते म्हणून खाली उतरल्या आणि संध्याकाळी दापोडी स्टेशनच्या बाकावर सापडल्या. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात कुणा परक्याची. कुठं निघाला होतात विचारलं तर म्हणाल्या, "घरला." मावळातलं ते घर विकून आम्हाला वीस वर्षं झाली, तिथं आता कुणाचं तरी फार्महाऊस आहे. डॉक्टरांनी सांगितलं, आता हे असंच वाढत जाणार. त्याच आठवड्यात मी कुलूप आणलं.

"आईला मी कुठल्या आश्रमात-बिश्रमात ठेवणार नाही," असं ह्यांनी तेव्हाच सांगून टाकलं. मुलाला शोभेल असंच बोलणं होतं, मीही मान डोलावली. पण हे चाकणच्या कंपनीत, तीन पाळ्यांत. पहिली पाळी असली की पहाटे कंपनीची बस, रात्रपाळी असली की दिवसभर झोप. आईला बाहेर ठेवायचं नाही हे ह्यांनी ठरवलं, आणि घरात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. ह्यांना गुरुवारी सुट्टी असते. माझ्या ड्यूटीला सुट्टीचा वार नाही.

पूर्वी मी पिंपरीत एका शिवणक्लासात शिकवायचे. सकाळी डबा घेऊन निघायचे, येताना भाजी, कधी मैत्रिणीबरोबर उसाचा रस. ते सगळं सुटलं. राहिली एक गॅलरी, तिलाही जाळी बसवून घेतलेली. जाळीतनं खाली रिक्षास्टँड दिसतो, एक मोबाइलचं दुकान, एक चिकनचं. चिकनवाला किती वाजता शटर वर करतो आणि रिक्षावाल्यांत कुणाचं कुणाशी बिनसलंय, सगळं मला पाठ झालं होतं. राग यायचा. आत्यांचा नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. आत्यांचाही यायचा. एकच गोष्ट दिवसातनं वीस वेळा विचारणाऱ्या माणसाचा राग येतो, ते माणूस कितीही निर्दोष असलं तरी.

शेजारच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना नुसतं बाई म्हणते. मागच्या दसऱ्यानंतर त्या जुन्या साड्या गोळा करत आमच्या दारी आल्या. बाहेरगावाहून चाकणला कामाला आलेली कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहतात, पोरं थंडीत उघड्या फरशीवर पोत्यावर झोपतात, त्यांच्यासाठी गोधड्या शिवायच्या, असं त्यांनी आणि आणखी पाच-सहा जणींनी मनावर घेतलं होतं. मी कुलूप उघडून त्यांना आत घेतलं आणि पुन्हा लावलं. बाईंनी ते पाहिलं, पण शिक्षिका असून एक प्रश्न विचारला नाही, हे मला आवडलं.

मी कपाटातल्या साड्या काढत होते तेवढ्यात आत्या आतनं आल्या. बाईंच्या पिशवीतली एक सुती साडी त्यांनी ओढून घेतली, फरशीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून तळव्यानं तिच्या सुरकुत्या बाहेरच्या अंगाला सारायला लागल्या. सकाळी दात घासले की नाही हे न आठवणारी ही बाई. दुसरी साडी घेतली, हातात चुरगाळून पाहिली आणि बाजूला भिरकावली.

"ही घसरडी. ह्यात टाका थांबत न्हाई," त्या म्हणाल्या. "सुई आन."

त्या दिवसापासून गोधड्यांचं काम आमच्या हॉलमध्ये आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी बायका यायच्या. सोफा भिंतीला, टीपॉय गॅलरीत. साड्यांचे थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर वजनाला तांबे, वरवंटा, जे हाताला येईल ते ठेवायचं, आणि कडेकडेनं धावदोरा घालत आत सरकत जायचं. बाकीच्या गोधडी म्हणायच्या, आत्या वाकळ म्हणायच्या. त्यांचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे पडायचे. मी शिवणक्लासात शिकवलेली, तरी माझी ओळ त्यांच्या ओळीशेजारी वाकडी दिसायची, आणि त्या ती मला सगळ्यांसमोर उसवायला लावायच्या. दुपारभर चेष्टामस्करी चालायची. कुणाची सून, कुणाचा बीपी, कुणाच्या नवऱ्याचं घोरणं. घर भरल्यासारखं वाटायचं.

पाच वाजले की त्या आपापल्या पर्स उचलायच्या. मी कुलूप उघडून त्यांना बाहेर सोडायचे. त्यांचं बोलणं जिन्यावरून खाली खाली जात ऐकू यायचं, मग मी कडी घालायचे. शिवून झालेल्या वाकळाही त्या बरोबर न्यायच्या. दुपारभर मी जिच्यावर वाकलेली असायचे ती वाकळ घराबाहेर पडायची आणि मी आत. वाकळेचा हेवा करणारी बाई जगात मी एकटीच असेन.

आत्यांनी एकच घोळ घातला होता. त्या वाकळेचा एक कोपरा शिवायच्या नाहीत. वीतभर कड उघडी ठेवायच्या.

"ज्याची वाकळ त्याच्या घरच्यानं तोंड शिवायचं," त्या म्हणायच्या. "आपन शिवलं तर ऊब आपलीच राहती. त्यास्नी लागत न्हाई."

त्यांच्या माहेरची ही रीत. माझ्या बाळंतपणात (ती लेक आता शिकायला बाहेरगावी असते) त्यांनी मला वाकळ दिली तेव्हाही कोपरा उघडाच होता, ओल्या बाळंतिणीच्या हातात त्यांनी सुई दिली होती. बाईंना ही रीत पटत नव्हती. देणगी द्यायची ती पूर्ण द्यावी, अर्धवट वस्तू हातात देणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी आत्यांची नजर चुकवून दोन वाकळांची तोंडं शिवून टाकली. पुढच्या शुक्रवारी आत्यांनी गठ्ठ्यातनं नेमक्या त्या दोन ओढून काढल्या आणि दातांनी दोरा तोडून टाके उसवले. "कुनी शिवलं हे? कुनी?" असा आरडाओरडा केला, सुई भिरकावली, आणि मग रडायला लागल्या. बाईंचा चेहरा उतरला.

"बरं, उघडी राहू देत," त्या म्हणाल्या. "सुईदोरा बरोबर घेऊ. ज्याचा त्यानं टाका घालावा. पण लोकांना हे सांगणार कोण, दाखवणार कोण? तुम्हीच चला वाटपाला. तुमच्या घरची रीत आहे."

तुम्हीच चला. दोन वर्षांत मला कुणी कुठं चला म्हटलं नव्हतं. मी त्या क्षणी हो म्हणाले, आणि मग घर सोडून कसं जाणार याचा विचार करायला लागले.

वाटप रविवारी ठरलं. गटातल्या सगळ्यांना रविवार सोयीचा. कुणाचा मुलगा टेम्पो देणार होता, कुणाची सून फोटो काढणार होती. ह्यांची त्या रविवारी पहिली पाळी होती. खालच्या मजल्यावरच्या भाभी, ज्यांच्या नवऱ्याचं कोपऱ्यावर गॅरेज आहे, म्हणाल्या, "ताई, बेफिकीर जाओ, मैं बैठती अम्मा के पास." आत्यांना भाभी आवडतात. ह्यांनाही तसं सांगून ठेवलं. शनिवारी मी कपाटातनं बाहेर जायची साडी काढली, तिला इस्त्री केली आणि ती खुर्चीवर घालून दोनदा बघून आले. चाकणला वाकळा वाटायला जाणारी बाई लग्नाला निघाल्यासारखी तयारी करत होती. मला लाज वाटली नाही.

रविवारी सकाळी साडेआठला भाभींचा फोन. बहिणीला कळा सुरू झाल्या होत्या. "माफ करो ताई, उसको दवाखाने ले के जाना पड रहा. दोपहर तक आती मैं." मागे रिक्षाचा आवाज येत होता. त्या आधीच निघाल्या होत्या.

टेम्पो नऊला खाली येणार होता. दुसऱ्या कुणाला विचारता आलं असतं. बाईंना सांगता आलं असतं की माझं जमत नाही. त्या रागावल्या नसत्या. हे सगळं मला त्या वेळीही कळत होतं. मी इस्त्रीची साडी नेसून उभी होते. आत्या सोफ्यावर बसून चहात बिस्किट बुडवत होत्या. मी गॅसचं रेग्युलेटर काढलं. विळी, सुऱ्या, कात्री, सुयांची डबी सगळं कपाटात घालून कपाट लावलं. पोहे झाकून ठेवले, पाणी भरून ठेवलं, टीव्हीवर कीर्तन लावलं. मग आतलं कुलूप काढून दार उघडलं, तेच कुलूप बाहेरच्या कडीला लावलं आणि ओढून पाहिलं. बाहेरून लावल्यावर ते फारच मोठं दिसलं.

"कोण बसलंय आजींजवळ?" टेम्पोत चढताना बाईंनी विचारलं.

"भाभी," मी म्हणाले. किती सहज म्हणाले!

आता इथं मी माझा जीव टांगणीला लागला होता वगैरे लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल. पण तसं झालं नाही. नाशिक फाटा आला, भोसरीचा पूल आला, उघड्या टेम्पोत वाकळांच्या गठ्ठ्यावर आम्ही बसलेलो, गार वारा तोंडावर येत होता. मोशीच्या पुढे इंद्रायणीचा पूल ओलांडताना एकीनं काहीतरी चावट विनोद केला आणि मी इतकी हसले की डोळ्यांतनं पाणी आलं. खरं सांगते, तिथवर मला आत्यांची आठवणसुद्धा झाली नाही.

पत्ता शोधत शोधत चाकणच्या पुढं एका वाडीत आमचा टेम्पो थांबला तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. शेतातच बांधलेल्या खोल्यांच्या दोन लांब रांगा, मधे गटाराची अरुंद गल्ली, वर पत्रे. मागं कारखान्याची भिंत, आणि शंभरेक पावलांवर कंटेनर धावणारा रस्ता. आम्ही उत्साहानं गठ्ठे उतरवले. कुणीच पुढं आलं नाही. जवळजवळ प्रत्येक दाराला कुलूप होतं.

"गेले कुठं सगळे?" बाई म्हणाल्या. "रविवार आहे ना आज?"

नळावर एक बाई कपडे धूत होती, कडेवर मूल. ती नांदेडकडची, बोलण्यावरनं कळत होतं. "रविवारी कोन ऱ्हातंय घरी?" ती म्हणाली. "इकडच्या कंपन्यायला गुरवारी सुट्टी असते की."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझे कान गरम झाले. त्या सगळ्यांच्या घरी ऑफिसची, बँकेची, शाळेची माणसं. त्यांचा रविवार म्हणजे रविवार. पण माझ्या घरी तर चाकणचाच माणूस होता. वीस वर्षं मी गुरुवारी पुरणपोळ्या आणि गुरुवारी मटण केलंय. वाटपाचा वार ठरला तेव्हा ह्यांची पाळी आड येतेय एवढंच मला दिसलं, माझं कसं जमायचं एवढंच. ज्यांच्यासाठी शिवतोय त्यांचाही वार ह्यांचाच असणार, हे डोक्यातच आलं नाही. मी कुणाला काही बोलले नाही. फोटो काढायला आलेल्या सुनेनं मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला.

तेवढ्यात एका खिडकीतनं हाक आली. "ओ आजी! त्ये काय हाय?"

कुलूप लावलेल्या खोलीची खिडकी. गजांमागं सहा-सात वर्षांची मुलगी उभी होती, दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. तिच्या पायाशी कुणीतरी रांगत होतं, त्याचं डोकं मधूनमधून दिसायचं. मग मला दिसलं की पलीकडच्या खिडकीतही एक तोंड आहे, आणि त्याच्या पुढच्याही.

"तुझी आई कुठंय?" मी विचारलं.

"माय डुटीला गेली. बाप बी."

"आणि कुलूप?"

"माय लावून जाते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कसली आई म्हणायची ही!" मी मोठ्यानं म्हणाले. "लेकरांना कोंडून जाते म्हणजे काय? काही झालं आत तर? आग लागली तर?" बाई म्हणाल्या, याची कुठंतरी तक्रार करायला हवी, मुलांसाठी फोन नंबर असतो. मी म्हणाले, करायलाच हवी. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

नळावरची बाई उठून आली. ओल्या हातांनीच तिनं रस्त्याकडं दाखवलं. "कुलूप नाही लावलं तर लेकरं तिकडं जातेत. त्ये कंटेनर बघितले का?" ती शांतपणे म्हणाली. "गावाकडून म्हातारी आणावी तर हितं दोघायलाच जागा पुरंना. तुमी ठिवता का दिवसभर? ठिवा. तिच्या मायला फोन लावून देते."

आणि तेव्हा, पहिल्यांदा, मला आमचं दार दिसलं. बाहेरून लावलेलं कुलूप. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी शिवणक्लासच्या मुलींना ऐकवायचे. घड्याळात बारा वाजून गेले होते. मी निघून सव्वातीन तास झाले होते. पोहे खाल्ले असतील का, कीर्तन संपून आता टीव्हीवर काय लागलं असेल, बाथरूममध्ये पाय घसरला तर? मला त्या क्षणी परत जायचं होतं, आणि ते तोंडातनं काढायची सोय नव्हती, कारण आत्यांजवळ भाभी बसल्या होत्या.

बाई इतर खिडक्यांकडं वळल्या. मी त्या मुलीच्या खिडकीशी एक वाकळ घेऊन गेले. गजांमधनं घडी आत जाईना. मग उलगडली, उघडं तोंड असलेला कोपरा आधी आत सारला, आणि तिला आतनं ओढायला सांगितलं. ती भिंतीला पाय लावून ओढायला लागली, मी बाहेरून सरकवत होते. रांगणारं बाळ आत खिदळत होतं. बरीचशी आत गेल्यावर मी तिला थांबवलं, सुईत दोरा ओवून दिला आणि म्हटलं, "हा कोपरा तू शिवायचा."

"मलाच का?"

"वाकळ तुझी आहे म्हणून."

तिनं वाद घातला नाही. गजांना टेकून बसली आणि जीभ बाहेर काढून टाके घालायला लागली, एवढाले वाकडेतिकडे. मी बाहेरून वाकळेचं दुसरं टोक धरून उभी होते.

"ही कुनी शिवली?" तिनं विचारलं.

"आमच्या घरी एक आजी आहेत, त्यांनी."

"त्या न्हाई आल्या?"

"त्यांना बाहेर पडलं की घर सापडत नाही."

"मंग घरी कोन हाय त्यांच्यापाशी?"

मागं वळून पाहिलं. बाई चार खिडक्या पलीकडं होत्या. "कुणी नाही," मी हळूच म्हणाले.

तिचा हात थांबला. "कुलूप लावलं का?"

"लावलं."

"बरं केलं," ती म्हणाली, अगदी मोठ्या बाईसारखी, आणि पुढचा टाका घातला. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

निघायला एक वाजला. बऱ्याचशा वाकळा नळावरच्या बाईकडं ठेवल्या, गुरुवारी वाटा म्हणून, आणि सुयाही. चाकणच्या चौकात येईपर्यंत वाहनं थांबायला लागली होती. चौकात आम्ही पूर्ण अडकलो. पुढं ट्रेलर, मागं कंपनीची बस, शेजारी सिलिंडरचा टेम्पो. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. उन्हात वाकळांशिवायचा टेम्पो चटके देत होता.

माझा फोन वाजला. भाभी. माझ्या जुन्या फोनचा आवाज बाहेर ऐकू जातो, हे मला माहीत होतं, तरी मी घेतला.

"ताई, बहन को घर भेज दिये, अभी टाइम है बोले. मैं आयी तो तुम्हारे दरवाजे को बाहर से ताला! अम्मा अंदर से दरवाजा पीट रही हैं. गॅरेज भी आज बंद है, ताला तोडनेवाला कोई नहीं. चाबी किधर है?"

बाई माझ्या शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. चावी माझ्या ब्लाउजमध्ये होती. दुसरी ह्यांच्याकडे, आणि हे तिथनं चार-पाच किलोमीटरवर मशीनवर उभे, मोबाइल लॉकरमध्ये. मी भाभींना म्हटलं, दाराशी बसा, बोलत राहा त्यांच्याशी, मी येतेय. कशी येणार होते? उतरून चालत गेले तरी काळेवाडीला संध्याकाळ झाली असती. फोनमधनं मला तो आवाज येत होता, लाकडावर तळहाताचा. लयीत नव्हता. मधेच थांबायचा, मग दोन-तीन वेळा जोरात.

"भाभी बसल्यात म्हणाला होतात," बाई शेवटी म्हणाल्या.

"म्हणाले होते."

मघाशी तक्रार करायला निघालेल्या आम्ही दोघी. मला वाटत होतं त्यांनी मला झापावं, वर्गात पोरीला उभं करून झापतात तसं. त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. त्या बाटलीनं मला रडू फुटलं.

ट्रेलर दहा पावलं सरकायचा आणि पुन्हा थांबायचा. कुरुळीपर्यंत पाऊण तास गेला. मी भाभींना चार वेळा फोन केला. पहिल्या तीन वेळा त्या म्हणाल्या, बजा रही हैं. चौथ्या वेळी म्हणाल्या, "अब आवाज नहीं आ रहा ताई. मैं बुला रही हूँ, जवाब नहीं देतीं." मोशी, भोसरी, नाशिक फाटा, मला त्यातलं काही आठवत नाही. फक्त दोन्ही मुठींत साडीचा पदर धरला होता आणि घरी पोचेपर्यंत तो ओला झाला होता, एवढं आठवतं.

जिना मी धावतच चढले. भाभी वरच्या पायरीवर बसल्या होत्या, त्या उठून भिंतीला चिकटल्या. बाई माझ्यामागनं येत होत्या. किल्ली कुलपात जाईना. भाभींनी माझं मनगट धरलं तेव्हा ती गेली.

दार उघडलं आणि कशाला तरी अडलं. आत्या दाराला पाठ लावून फरशीवर बसल्या होत्या. मी फटीतनं आत शिरले. पोहे तसेच झाकलेले होते. टीव्हीवर मोठ्या आवाजात कसलीशी जाहिरात चालली होती, मी तो बंद केला. आत्यांचे दोन्ही तळवे लाल होऊन सुजले होते. एका हाताच्या नखातनं रक्त आलं होतं. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांचे हात हातात घेतले. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. ओळख नव्हती.

"आलात का बाई," त्या म्हणाल्या. घसा बसला होता. "कवाधरनं हाका मारतीया. मला जरा भाईर सोडता का?"

"कुठं जायचंय?" मी विचारलं.

"सुनंला हुडकाया."

माझ्या मागं भाभी दारात उभ्या होत्या, बाई जिन्यात.

"सकाळधरनं गेलीया," आत्या म्हणाल्या. "कधी कुठं जात न्हाई वो ती. दाराच्या भाईर पाऊल टाकत न्हाई. तिला कायतरी झालं आसंल."

मी उठले, बाईंना आणि भाभींना हातानं जा म्हटलं, दार लावलं, कडी घातली, कुलूप लावलं. मग डबीतलं खोबरेल तेल आणून आत्यांशेजारी फरशीवर बसले आणि त्यांच्या तळव्यांना लावायला लागले.

"येईल हो ती," मी म्हटलं.

"येईल न्हवं?"

"येईल."

त्या दाराकडं बघत राहिल्या. ह्यांची बस यायला अजून अवकाश होता. आम्ही दोघी तिची वाट बघत बसलो.